चक फिरला की गाडी चालली पाहिजे

गेज तीन आट्यांवर अडकला.

गेज म्हणजे आट्यांची परीक्षा घेणारी पोलादी रिंग. आटे बरोबर पडले असतील तर ती नुसत्या बोटांच्या जोरावर शेवटपर्यंत फिरत जाते. आमची रिंग तीन फेरे फिरली आणि रुतून बसली. सोपाननानांनी तो स्टीलचा तुकडा उजेडाकडे धरला, भिंगातून पाहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी, ह्यो आटा न्हाई. पोपटानं खाल्लेला पेरू हाय."

  तो पेरू माझ्या कंट्रोलरने, म्हणजे मी त्यांच्या लेथला बसवलेल्या कॉम्प्युटरने, कापला होता.

नाना भोसरी गावठाणातले जुने टर्नर. आयुष्यभर कंपनीत लेथ चालवला आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा जुना लेथ उभा केला. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला धारदार टूलने आकार देणारं मशीन. तुकडा पकडून फिरवतो तो चक, आणि टूल घेऊन मागेपुढे सरकते ती कॅरेज. नाना तिला गाडी म्हणतात. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दिवसभर हँडल फिरवायला बंदी केली. जुन्या लेथवर हँडल सोडलं तर दुसरं काम ते काय? जावयाने पिंपळे गुरवच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली. भंगारवाला दोनदा येऊन लेथला हात लावून गेला.

तेवढ्यात चाकणच्या एका कंपनीतून विचारणा आली. हायड्रॉलिक पाइप जोडायचे स्टीलचे छोटे जोड हवे होते. अट एकच होती, मशीन कॉम्प्युटरवर चालणारं पाहिजे, म्हणजे प्रत्येक नग सारखा निघेल. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारपर्यंत दहा नमुने द्यायचे. पास झाले तर कायमचं काम, नाहीतर ते दुसरीकडे जाणार होते. नाना आमच्या शॉपमध्ये आले आणि म्हणाले, "माझ्या लेथला डोकं बसवून द्या. हात माझे थकल्यात, लेथ न्हाई थकला."

मी भोसरी एमआयडीसीत पॅनेल शॉपमध्ये काम करते. कारखान्यात मशीनशेजारी करड्या रंगाचं लोखंडी कपाट असतं ना, आत वायरींचं जंगल असलेलं, ते आम्ही बनवतो. आमचे मालक माने सर इतकं छोटं काम घेत नाहीत. मी ते सुट्टीच्या दिवसांत आणि शिफ्ट सुटल्यावर करायचं ठरवलं. आमच्या भागात कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. दोन गुरुवारांत हँडलं काढून त्या जागी स्टेपर मोटरी बसल्या. या मोटरी ठरलेल्या बारीक पावलांनी फिरतात, सांगाल तितकीच पावलं टाकतात. आता त्यांना पावलं सांगणारं डोकं निवडायचं होतं.

बाजारात तयार डबा मिळतो. स्क्रीन, बटणं, सगळं आत. तो विकणारा डीलर शेडमध्ये येऊन दाखवूनही गेला होता. डबा देखणा होता. मी विचारलं, "आतली सेटिंग बदलायची असतील तर?"

"पासवर्ड आहे, मॅडम."

"द्या की मग."

"तो कस्टमरला देत नाहीत."

"मशीन कस्टमरचं आहे ना?"

"मशीन त्यांचं. सेटिंग आमचं."

माझं डोकं तिथेच फिरलं. माझे बाबा युनियनचे. संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत गेट मीटिंगच्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे आणि मी अक्षरं जुळवायला त्यांच्यावरच शिकले. 'हक्क' हा शब्द मला 'हत्ती'च्या आधी वाचता आला. ज्या माणसाने आयुष्यभर मशीन खोलून जोडलं, त्याला त्याच्याच मशीनच्या आत बघायला परवानगी मागावी लागणार, हे मला सहन होणारं नव्हतं. आणि त्या डब्याचं लाल बटण, म्हणजे संकटात दाबायचं ते, नुसता सॉफ्टवेअरला निरोप पाठवत होतं. सॉफ्टवेअर अडकलं तर निरोप कोण वाचणार? लाल बटणाने वीजच तोडली पाहिजे. यात माझ्याकडे तडजोड नाही.

म्हणून मी दुसरा रस्ता धरला. शॉपमधून मोडीत काढलेला कॉम्प्युटर, त्यावर एक खुलं सॉफ्टवेअर, ज्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते आणि बदलता येते, आणि मोटरींना हुकूम पोचवणारं एक साधं कार्ड. लाल बटण थेट विजेच्या वाटेत. मी भलतीच खूश होते. हवेत चालवून पाहिलं, म्हणजे टूल लोखंडाला न लावता, तर गाडी अशी सरसर जाऊन यायची की बघत राहावं. नानासुद्धा म्हणाले, "पळतीय झ्याक."

मग लोखंडाला टूल लावलं आणि पेरू निघाला.

आटा कसा पडतो ते सांगते. चक एक फेरा फिरला की गाडीने अगदी ठरावीक अंतर पुढे गेलं पाहिजे. आमच्या नगात ते दीड मिलिमीटर होतं. एका घावात आटा होत नाही, सातआठ वेळा त्याच वाटेवरून थोडं थोडं खोल कापत जावं लागतं. प्रत्येक वेळी वाट तीच हवी. कॉम्प्युटरला चकाची खबर लागावी म्हणून मी एक सेन्सर बसवला होता. चकामागे एक बोल्ट, तो समोरून गेला की एक ठोका. एका फेऱ्याला एक ठोका. आकडे तपासले होते, वेग बरोबर येत होता. मला वाटलं, पुरे.

नाना उठले. त्यांनी मेन मोटर बंद केली, कॉम्प्युटर चालूच ठेवला. मला म्हणाले, "आटा पाडायचा हुकूम दे." मी दिला. त्यांनी डाव्या हाताने चक धरला आणि सावकाश फिरवला. बोल्ट सेन्सरसमोरून गेला, पण गाडी जागची हलली नाही. आणखी थोडा फिरवला. गाडी तशीच.

"चक फिरला, गाडी जाग्यावर," नाना म्हणाले. "मंग ह्यांचं लगीन लागलंय असं म्हनायचं कशापायी?"

"नाना, हे मोटर चालू असताना वेगावरून हिशेब करतं. हाताने फिरवण्यासाठी नाही ते."

"जुन्या लेथला काय हुतं ठावं हाय? चक आन् गाडीच्या मधी गिअर. चक चार बोटं फिरला तर गाडी चार बोटांइतकी जानार. थांबला तर थांबनार. आटा नगाच्या जाड भागापाशी संपतो ना, तिथं आमी मोटर बंद करून शेवटचे दोन फेरे हातानंच फिरवायचो. गाडी कवा चुकली न्हाई."

 माणसाने अर्ध्या मिनिटात, हाताने, माझी चूक दाखवली होती. टूल लोखंडात घुसलं की चकाचा वेग कमी होतो. हवेत तो कमी होत नाही, म्हणून हवेत सगळं छान दिसत होतं. फेऱ्याला एकच ठोका, तर दोन ठोक्यांच्या मध्ये चक रेंगाळला की पळाला, हे माझ्या कॉम्प्युटरला कळतच नव्हतं. तो आपला जुन्या वेगाच्या भरवशावर गाडी हाकत होता. सॉफ्टवेअर खुलं होतं, पण आंधळं होतं, आणि आंधळं मीच ठेवलं होतं.

खरं सांगू? मला राग यायला हवा होता, पण आनंदाने छाती धडधडत होती. बिघाड समजला की निम्मं काम झालं असं वाटतं, आणि हा तर लख्ख समजला होता. चकाच्या प्रत्येक फेऱ्याचे हजार तुकडे करून प्रत्येक तुकड्याची खबर देणारा एन्कोडर लागणार होता. एन्कोडर म्हणजे बारीक फटी असलेली चकती; चकाबरोबर फिरते आणि प्रत्येक फटीला एक ठोका देते. एवढे ठोके कॉम्प्युटर स्वतः मोजू गेला तर काही निसटतात. म्हणून मोजणारी चिप कार्डावरच असलेलं दुसरं कार्ड हवं होतं.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर शेडमध्ये गेले, तर तो डीलर बसलेला. नानांनीच फोन केला होता. मला ते लागलं, पण त्यांचं काय चुकलं? शुक्रवार त्यांचा होता, माझा नव्हता.

"मॅडम, तुमचा हुरूप समजतो," डीलर म्हणाला, "पण असं जोडून जोडून कंपनीचं काम होत नसतं. आमच्या मोठ्या मॉडेलला एन्कोडर जोडता येतो. उद्या बसवतो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो बोलतोय ते खरं हाय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "खरं आहे," मी म्हणाले. "त्याच्या मोठ्या डब्यावर आटा पडेल. माझ्या कार्डावर पडेल असं मला वाटतं, पण ते अजून हातात नाही."

नाना डीलरकडे वळले. "उद्या मी मोटर बदलली, तर आतला आकडा कोन बदलनार?"

"आमचा इंजिनिअर येईल."

"मी न्हाई?"

"तुम्हाला कशाला त्रास, काका?"

"चाळीस वर्सं तरास घेतला, तवा हात बसलाय," नाना म्हणाले. मग त्यांनी गाडी सरकते त्या लेथच्या बेडवरून फडकं फिरवलं. शेवटी म्हणाले, "गुरवारी दुपारपातुर पोरीचं बघतो. चक फिरवला आन् गाडी आली, तर तिचं. न्हाई आली, तर तुमी चार वाजता डबा घेऊन या. मला नमुने द्यायचेत, भांडन न्हाई करायचं."

डीलर हसत हसत गेला. जाताना मला म्हणाला, "चारला येतो, मॅडम. चहा ठेवा."

सोमवारी मी माने सरांच्या केबिनमध्ये. आमच्या स्टोअरच्या कपाटात तसलं कार्ड पडलं होतं. एका रद्द झालेल्या ऑर्डरमधून उरलेलं.

"कुणासाठी?" सरांनी विचारलं.

"सोपाननानांच्या लेथसाठी."

"कंपनीचं कार्ड, एका माणसाच्या शेडमध्ये?"

"ते कधीपासून कपाटात पडून आहे, सर."

"पडलंय म्हणून तुझं झालं का?"

"माझं नाही. पण वापरलं नाही तर ते कुणाचंच नाही."

सर हसले. "घरी पत्रकं छापता की काय अजून? ने उसनं. जळलं तर स्वतः येऊन सांग."

एन्कोडर भंगारच्या दुकानात मिळाला, मोडलेल्या एका पॅकिंग मशीनच्या पोटात. चकती पुसली, फिरवून पाहिली, ठोके मोजले. एका फेऱ्याला एक हजार चोवीस, एकही कमी नाही. मी त्या दुकानात एवढी हसत होते की दुकानदाराला वाटलं, त्याने स्वस्तात दिला.

गुरुवारी सकाळी आठला शेडमध्ये हजर. एन्कोडर दातेरी पट्ट्याने चकाच्या मागच्या टोकाला जोडला. दातेरी अशासाठी, की साधा पट्टा घसरतो आणि घसरला की हिशेब चुकतो. कार्ड बसवलं. मग वायरिंग. इथे थोडं माझ्या जमातीबद्दल सांगायला पाहिजे. पॅनेलवाल्यांचा अभिमान वायरिंगमध्ये असतो. सगळ्या वायरी एका रेषेत, विंचरलेल्या केसांसारख्या, ठरावीक अंतरावर बांधायचा प्लास्टिकचा टाय मारलेला. कपाटाचं दार उघडणाऱ्याने आधी "वा" म्हटलं पाहिजे. मी तसंच केलं. मेन मोटरची जाड केबल, एन्कोडरची बारीक केबल, सगळं एका जुडीत, कडक सरळ. नानाही म्हणाले, "झकास दिसतंय."

मेन मोटर बंद ठेवून नानांनी चक धरला. फिरवला. गाडी निघाली. चक थांबला, गाडी थांबली. उलटा फिरवला, गाडी उलटी आली; वळताना अगदी किंचित उशीर झाला, पण ती जुन्या स्क्रूची ढिलाई होती आणि आटा एकाच दिशेने कापतात, त्यामुळे तिचं काही वाटून घ्यायचं नव्हतं.  लहान मूल खुळखुळा हलवतं तसा नाना पाच मिनिटं चक मागेपुढे करत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण शेडमध्ये तेलाचा वास असल्यामुळे निभावलं.

मग मेन मोटरचा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारं उपकरण, चालू केला. चक अजून स्थिर होता, आणि गाडी थरथरायला लागली.

"हिला थंडी वाजती का काय?" नाना म्हणाले.

स्क्रीनवर बघितलं. चक उभा, पण एन्कोडरचे ठोके येतच होते. खोटे ठोके. अकरा वाजले होते. कार्ड खराब? एन्कोडर खराब? मी दोन्ही काढून तपासले, दोन्ही ठणठणीत. बारा वाजत आले. नाना वळून वळून घड्याळाकडे पाहत नव्हते. पाहत असते तर बरं झालं असतं.

मी कपाटाचं दार उघडलं आणि माझ्या त्या सुंदर जुडीकडे पाहिलं. मोटरचा ड्राइव्ह वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्याचा गोंगाट जाड केबलमधून बाहेर पडतो. आणि त्या जाड केबलच्या कुशीत, घट्ट टाय मारून, मी एन्कोडरची नाजूक वायर झोपवली होती. ती बिचारी शेजारणीचा आरडाओरडा ऐकून कार्डाला सांगत होती, चक फिरतोय, चक फिरतोय. ट्रेनिंगमध्येच शिकवतात हे. मला माहीत होतं. पण जुडी सुंदर दिसत होती.

कटर घेतला आणि टाय तोडले, एकूणएक. एन्कोडरची केबल कपाटाच्या दुसऱ्या बाजूने, एकटी, आडवीतिडवी नेली, तिच्यावरच्या गोंगाट अडवणाऱ्या जाळीला एकाच टोकाला अर्थिंग दिलं. दिसायला भयाण. ड्राइव्ह चालू केला. गाडी दगडासारखी स्थिर.

"आता दिसाया वंगाळ हाय," नाना म्हणाले.

"हो."

"ऱ्हाऊ दे तसंच."

साडेबाराला पहिला खरा आटा कापला. टूल घुसलं, मोटरचा आवाज जड झाला, चक जरासा दबला, आणि गाडीही त्याच्याबरोबर तेवढीच दबली. दुसरा घाव, तिसरा. निळसर चकचकीत कीस एकसारखा सुटत होता. आठवा घाव झाल्यावर नानांनी तुकडा काढला, पुसला आणि रिंग लावली. रिंग फिरत गेली, फिरत गेली आणि शेवटाला जाऊन टेकली. नानांनी ती काढून पुन्हा लावली. असं तीनदा. मग आत ओरडून काकूंना म्हणाले, "चार वाजता एक पाव्हना यायचाय. चहा टाक त्याला, पन डबा नगं म्हनाव."

डीलर आला, आटा बघितला, चहा प्यायला. जाताना त्याने कार्डाबद्दल दोन प्रश्न विचारले. मी दोन्हींची उत्तरं दिली. लपवायचं काहीच नव्हतं, हाच तर मुद्दा होता.

संध्याकाळपर्यंत दहा नग झाले. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि नानांच्या स्कूटरवर मागे नमुन्यांचा डबा घेऊन बसले. मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकलो. चाकणच्या कंपनीत क्वालिटीच्या साळवी मॅडम आल्या. त्यांच्याकडे दोन रिंगा होत्या. एक 'गो', जी पूर्ण गेली पाहिजे. दुसरी 'नो-गो', जी जाताच कामा नये. ती गेली तर आटा जास्त कापला गेला, जोड ढिला बसणार. पहिला नग पास. दुसरा पास. नऊपर्यंत पास. दहाव्यावर नो-गो रिंग आरामात चार फेरे आत गेली.

 माझ्या मनात कारणांची यादी सुरू झाली: ठोके निसटले, पट्टा ढिला, कार्ड तापलं.

मॅडमनी नग भिंगाखाली धरला. "हा मशीनने नाही बिघडवला," त्या म्हणाल्या. "याच्यावर कानस फिरलीय. हाताची."

नाना खाली बघत होते. "शेवटच्याला काठाला जरा बूर दिसली, लोखंडाचं कुसळ," ते पुटपुटले. "तिकोनी कानस घिऊन साफ केला. सवय हो, मॅडम."

"काका, तुमच्या मशीनने नऊ सारखे दिले. दहावा तुम्ही वेगळा दिलात."

"दुसरा देऊ का करून?"

"आज सहापर्यंत."

तसेच भोसरीला परतलो. नानांनी तुकडा बांधला, मी प्रोग्राम चालू केला. मशीन कापत होतं आणि नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. आट्याच्या टोकाला खरोखरच एक बारीक बूर होती. त्यांचा उजवा हात सुटला, कानशीकडे गेला, मध्येच थांबला आणि परत पाठीमागे गेला. मी बुरीसाठी प्रोग्रामच्या शेवटी एक हलका घाव वाढवला, त्या घावाचा आकडा त्यांनाच टाइप करायला लावला. एका बोटाने, चष्मा वर करून, त्यांनी टाकला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना चाकणला साळवी मॅडमनी नव्या नगाला दोन्ही रिंगा लावल्या. गो गेली. नो-गो नाही गेली. त्यांनी कागदावर सही केली आणि पहिली ऑर्डर कधीपासून सुरू करणार असं विचारलं. नाना म्हणाले, "सोमवारपासून." गेटबाहेर येऊन त्यांनी जावयाला फोन लावला. "त्या सोसायटीवाल्यांना सांग, दुसरा मानूस बघा म्हनाव."

या कामातून मी एवढंच शिकले की मशीनला डोकं निवडायला तीन आठवडे लागतात. टर्नरच्या हातातून कानस सोडवायला किती लागतात ते अजून कळलेलं नाही. कालच शेडमध्ये गेले होते. ती कानस चकाशेजारीच ठेवलेली होती, आणि नुकती तेल लावून पुसलेली होती.